काळजी उशाशी, झोप दाराशी

रमजानचा महिना लागला की आमच्या किनाऱ्यावरच्या गावांचे वेळापत्रकच बदलते. इशानंतरची तरावीहची नमाज आटोपून लोक घरी परततात तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. थोड्या गप्पा, चहा, आवराआवर यांत अकरा होतात. पहाटे साडेचारच्या आसपास सहरीसाठी पुन्हा उठायचे असते. मधल्या पाच-साडेपाच तासांत पटकन झोप लागली तर ठीक. पण अनेकांचे नेमके तिथेच अडते. अंग दमलेले, डोळे जड, आणि पाठ टेकताच मन मात्र टक्क जागे!

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रेवदंडा, कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, जागरणाची कारणे साधारण सारखीच निघतील. मुलगा कुवेतला आहे, त्याच्या कंपनीने दोन महिने पगार थकवला आहे. मुलीचे लग्न ठरले आहे, पैशांची जुळवाजुळव झालेली नाही. शेजारच्या कोळीवाड्यात होडीच्या कर्जाचा हप्ता आहे. वरच्या आळीत वाडीतल्या सुपारीच्या भावाची चिंता आहे. रोजा मुसलमानांचा असला, तरी रात्री छताकडे बघत पडून राहणे ही सगळ्यांची गोष्ट आहे. म्हणून आज रमजानच्या निमित्ताने थोडे झोपेविषयी.

रात्रीच का आठवते?

दिवसा काळजी नसते असे नाही. दिवसा ती कामाखाली दबलेली असते. गिऱ्हाईक येते, फोन वाजतो, बाजारात जायचे असते. रात्री हे सगळे थांबते आणि दाबून ठेवलेले वर येते. शिवाय आपले शरीर खरा धोका आणि मनातला धोका यांत फारसा फरक करत नाही. उद्याच्या हप्त्याचा विचार आला तरी छातीची धडधड वाढते, स्नायू ताठ होतात. दारात चोर उभा असताना कोणाला झोप लागेल? शरीराला तसेच वाटत असते.

आमच्या किनाऱ्याला याचा मोठा अनुभव आहे. 2020 साली रमजान ईद 25 मे रोजी झाली. टाळेबंदीमुळे ती घरातच साजरी झाली आणि त्यानंतर नवव्या दिवशी, 3 जूनच्या दुपारी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्याने घरांची कौले-पत्रे उडवले, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी 14 मेची ईद होते न होते तोच तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. तेव्हापासून रात्री वारा जरा वाढला की जागी होणारी माणसे इथे घरोघर आहेत. त्यांना भित्रे म्हणू नये. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर एकदा गेले आहे, त्याचे कान वाऱ्याकडे लागणारच.

चिंतेला वेळ ठरवून द्या

‘चिंता करू नकोस’ हा सल्ला सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी. त्यापेक्षा चिंतेला दिवसातली एक वेळ नेमून द्यावी, असे मानसशास्त्र सांगते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास बसायचे आणि त्या वेळेत मनसोक्त काळजी करायची. बाकीच्या वेळी ती आली की तिला सांगायचे, ‘उद्या त्या वेळेला ये.’

रोजेदारांसाठी असर आणि मगरिब यांच्यामधली वेळ याला उत्तम. इफ्तारला अजून अवकाश असतो, जड कामे उरकलेली असतात. इतरांनी दिवेलागणीच्या आधीची अर्धी घटका निवडावी. पण अंथरुणावर हे करू नये आणि झोपण्याच्या तोंडावरही करू नये.

जवळ वही ठेवावी. 2018 साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपले. ज्यांनी यादी जितकी नेमकी लिहिली, त्यांना तितकी लवकर झोप लागली. कारण साधे आहे. विसरू नये म्हणून मन जी गोष्ट पुन्हा पुन्हा घोकत असते, ती कागदावर उतरली की घोकण्याची गरज उरत नाही. ‘पैशाचे बघायचे’ असे मोघम लिहू नये. ‘सकाळी अकराला पतपेढीत जाऊन मुदतवाढीचा अर्ज विचारायचा’ असे लिहावे.

उंट आणि होडी

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका माणसाने पैगंबरांना विचारले, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून ठेवू? उत्तर मिळाले, की आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. आपल्याकडे उंट नाहीत, होड्या आहेत. होडी नीट नांगरली आहे का, दोर कुजलेला नाही ना, हे संध्याकाळी बघणे हे आपले काम. रात्रभर खिडकीतून समुद्राकडे बघत बसल्याने होडी जास्त घट्ट बांधली जात नाही.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे ज्या काळज्यांवर उद्या काही करता येईल त्या, उजवीकडे ज्यांवर आपला हात चालत नाही त्या. डावीकडच्यांपुढे काम आणि वेळ लिहावी. पावसाळ्यात हवामान खात्याचे पत्रक संध्याकाळी एकदा पाहावे, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत, विजेरी उशाशी ठेवावी आणि निजावे. परदेशातल्या मुलाच्या फोनचेही तसेच. कुवेत, कतार, सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपले साडेबारा. त्याची पाळी सुटेपर्यंत निळी खूण उमटायची वाट बघत जागणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यापेक्षा दोघांना सोयीची एक वेळ ठरवून घ्यावी. रात्री न आलेला फोन मग अपशकुन वाटत नाही.

उजवीकडच्या काळज्यांचे काय? त्या नमाजीने, पूजेने, प्रार्थनेने देवावर सोपवाव्यात. सोपवणे म्हणजे विसरणे नव्हे, आजच्या रात्रीपुरता तो भार खाली ठेवणे.

मणी मोजावेत

हजरत फातिमा यांच्या हाताला जाते ओढून ओढून घट्टे पडले होते. घरकामाला एखादा मदतनीस मिळावा म्हणून त्या वडिलांकडे, म्हणजे पैगंबरांकडे गेल्या. तेव्हा पैगंबरांनी त्यांना आणि हजरत अलींना सांगितले, की झोपायला जाताना 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अलहम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणत जा. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका महाराष्ट्राला नव्या नाहीत. दमलेल्या अंगासाठी सांगितलेली ही शंभराची मोजणी आजही ‘तसबीहे फातिमा’ म्हणून घरोघर म्हटली जाते. शेजारच्या घरात जपाची 108 मण्यांची माळ असते.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी या मोजणीचा उपयोग समजण्यासारखा आहे. संथ लयीत पुटपुटताना श्वास लांबतो आणि शब्दांनी भरलेल्या मनात काळजीच्या वाक्याला जागा मिळत नाही. ऑक्सफर्डमध्ये अॅलिसन हार्वे यांनी 2002 मध्ये निद्रानाश असलेल्यांवर प्रयोग केला. ज्यांना कसलीच सूचना दिली नव्हती त्यांच्यापेक्षा, एखादे शांत दृश्य तपशिलाने डोळ्यांसमोर आणणाऱ्यांना लवकर झोप लागली. आपल्याला दृश्यांची काय वाण? राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसावे. शीड भरताना येणारा आवाज, पाण्याचा वास, हळूहळू मोठी होत जाणारी जंजिऱ्याची तटबंदी. बहुतेक वेळा किल्ल्याच्या दरवाजापर्यंत पोहोचण्याआधीच डोळा लागतो.

जाग आली तर

वीस-पंचवीस मिनिटे होऊनही झोप लागली नाही, तर पडून राहू नये. रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 पासून हा नियम सांगितला. तासन्‌तास कुशी बदलत राहिले, की अंथरूण म्हणजे काळजीची जागा अशी मनाची समजूत होते. उठावे, मंद उजेडात बसावे, वजू करून दोन रकात नमाज पढावी किंवा नामस्मरण करावे आणि झोप दाटली की परत यावे. घड्याळाकडे मात्र बघू नये. ‘आता फक्त तीनच तास उरले’ हा हिशोबच झोप उडवतो.

मध्यरात्री जाग येणे म्हणजे आजार, असेही समजू नये. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी 2005 मधल्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे, की विजेच्या दिव्यांआधीच्या युरोपात लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ अशा दोन तुकड्यांत झोपत. मधल्या वेळात प्रार्थना, गप्पा, बारीकसारीक कामे चालत. आपल्या कोळ्यांना हे सांगायलाच नको. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यांची झोपही तिच्यामागून सरकते. रमजानमध्येही झोप तुकड्यांत घ्यावी लागते. रात्रीचा एक तुकडा, जमल्यास फजरनंतरचा छोटा आणि दुपारचा ‘कैलूला’. मराठी घरांतली जेवणानंतरची वामकुक्षी ही त्याचीच बहीण. दुपारची ही डुलकी वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत हवी. दोन तास ताणून दिली, तर रात्री झोप रुसणार.

चहाबद्दलही एक शब्द. दिवसभराच्या उपवासानंतर चहाची तल्लफ येते हे खरे. पण चहा-कॉफीतले कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. नऊला घेतलेल्या कपाचा निम्मा अंमल दोन वाजता शिल्लक असतो. चहा इफ्तारच्या वेळीच घ्यावा. रात्री उशिरा भजी-समोसे खाऊन लगेच आडवे होणाऱ्यांना छातीतली जळजळही जागवते.

डॉक्टरांकडे केव्हा?

आठवड्यातून तीन रात्री आणि असे तीन महिने झोप येत नसेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. झोपेत मोठे घोरणे, मध्येच श्वास अडकणे, पहाटे जाग येऊन जगणेच नकोसे वाटणे, ही तर ताबडतोब डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे. जुन्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी विचार-वर्तन उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्येच केली आहे. वर सांगितलेले बरेचसे उपाय त्याच उपचारातले आहेत. चालू असलेल्या गोळ्या रमजानसाठी परस्पर बंद करू नयेत. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. बोलायला कोणी नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. तिथे मराठीतही बोलता येते.

घरात शेवटी झोपणारी

काहींना वाटते, रमजानमध्ये झोपणे म्हणजे इबादत चुकवणे. त्यांच्यासाठी हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा यांचा प्रसंग आहे. अबू दरदा रोज रोजे धरत, रात्रभर नमाज पढत. पाहुणे म्हणून आलेले सलमान त्यांना रात्री म्हणाले, आता झोपा. ते पुन्हा उठायला लागले, तेव्हाही झोपवले. रात्रीचा शेवटचा भाग उरला तेव्हा उठवले आणि दोघांनी मिळून नमाज पढली. देवाचा तुमच्यावर हक्क आहे, तसा शरीराचा आणि घरच्यांचाही आहे, असे सलमान यांनी समजावले. पैगंबरांना हे कळले, तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

यातला घरच्यांचा हक्क आपण सहसा विसरतो. रमजानमध्ये सर्वांत उशिरा निजते आणि सर्वांत आधी उठते ती घरातली बाई. तरावीहहून परतलेल्यांचा चहा तिच्याकडे, सहरीचे घावणे तिच्याकडे आणि ‘जाग आली नाही तर सगळ्यांची सहरी चुकेल’ ही काळजीही तिच्याकडेच. अशा माणसाला गाढ झोप कशी लागावी? तिला तसबीह पढायला सांगून आपण कुशीवर वळू नये. पैगंबर स्वतः घरकामात हातभार लावत, हेही हदीसमध्येच आहे.

सहरीला उठवण्याचा गजर आज आपल्या फोनवर लावावा. पीठ रात्रीच भिजवून ठेवावे, भांडी आपण घासावीत. पहाटे तव्याजवळ उभे राहण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. त्यामुळे घरातल्या निदान एका माणसाची काळजी नक्की कमी होईल आणि तेवढ्यासाठी कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.