कार्यशाळेतील धूळ आणि गाळणीचे अर्थशास्त्र

जबलपूर शहरातील मदन महालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. शहराजवळचे भेडाघाट संगमरवरासाठी प्रसिद्ध असून तेथील अनेक कारागीर मूर्ती व शोभेच्या वस्तू घडवून उपजीविका करतात. दोन्ही दगड कापताना उडणारी धूळ दिसायला सारखी असली तरी तिचे परिणाम सारखे नसतात. संगमरवर मुख्यतः कार्बोनेट खनिजांचा बनलेला असतो. ग्रॅनाइटमध्ये मात्र साधारणतः एक पंचमांशाहून अधिक क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात साचल्याने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून धूळ कोणत्या पदार्थाची आहे, हा गाळणीच्या निवडीतील पहिला प्रश्न ठरतो.

गाळणीची निवड

धूळसंकलन यंत्रणेत धूळ ओढून घेणारे हुड, नळ, गाळणी आणि पंखा असे चार भाग असतात. सायक्लोन हे उपकरण हवेला गोल फिरवून जाड कण वेगळे करते. परंतु फुप्फुसात खोलवर जाणारे सुमारे ४ ते ५ मायक्रॉनहून लहान कण त्यातून बऱ्याच प्रमाणात निसटतात. त्यांच्यासाठी सायक्लोनच्या पुढे कापडी बॅग फिल्टर लागतो. गाळलेली हवा खोलीतच परत सोडायची असल्यास त्याच्याही पुढे हेपा गाळणी हवी, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. कापडाचे क्षेत्रफळ हवेच्या प्रवाहाच्या मानाने अपुरे असल्यास गाळणी लवकर तुंबते. पाणी सोडून दगड कापल्यास धूळ उगमापाशीच कमी होते. मात्र ओलसर धूळ कापडावर घट्ट बसते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

देखभाल

नव्या कापडातून काही बारीक धूळ निसटते. त्यावर पातळ थर बसला की गाळण्याची क्षमता वाढते. थर फार जाड झाला तर हवेला अडथळा होतो, हुडपाशी ओढ कमी पडते आणि धूळ कामगाराच्या श्वासात जाते. यासाठी गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजणारे मापक बसवावे. हा फरक उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेला पोहोचला की गाळणी झटकावी. तो अचानक घटल्यास कापड फाटल्याचा संशय घ्यावा. दाबाच्या हवेचा झोत मारून सफाई केल्यास पकडलेली धूळ पुन्हा हवेत मिसळते.

खर्च कोणाचा?

गाळणी, वीज आणि देखभालीसाठी थांबलेले काम यांचा खर्च मालकाला आजच दिसतो. आजाराचा खर्च अनेक वर्षांनी कामगाराचे कुटुंब आणि सार्वजनिक रुग्णालय यांच्यावर पडतो. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्यता म्हणतात. मध्य प्रदेशातीलच मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिल उद्योगाविषयी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला होता. या कामगारांच्या कल्याण निधीसाठी राज्याने १९८२ मध्ये कायदा केला होता.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत धुळीची मर्यादा क्वार्ट्झच्या प्रमाणाशी जोडलेली होती. श्वसनयोग्य धुळीतील क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवून त्या बेरजेने १० ला भागले की घनमीटरमागील मिलिग्रॅम मिळत. क्वार्ट्झ २५ टक्के असल्यास ही मर्यादा केवळ ०.३७ येते. या अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या १० वरून २० झाली आहे. दगडकामाच्या कार्यशाळा बहुधा याहून लहान असतात. त्यामुळे गाळणी विकत घेण्यास मदत करणे पुरेसे नाही. अनेक लहान कार्यशाळांसाठी धूळमापन व देखभालीची सामाईक सोय उभारली, तरच हा खर्च त्यांच्या आवाक्यात येईल आणि कामगाराचा श्वास सुरक्षित राहील.