मैलांची भिशी

विमानाचे तिकीट काढताना अर्जात एक छोटा रकाना असतो. ‘फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांक’ असे त्यावर लिहिलेले असते. आपल्यापैकी बहुतेक जण तो कोराच सोडतात. एजंटाला घाई असते, आपल्यालाही असते. तिकीट पक्के झाले, सामान किती किलो नेता येईल ते कळले, की आपले काम झाले. पण त्या कोऱ्या रकान्यात एक हिशेब दडलेला आहे, आणि तो नुसता पैशाचा नाही. नवऱ्याचे किती, बायकोचे किती, मुलांचे किती आणि सगळ्यांचे मिळून किती, हा प्रश्न आपल्या घरांत जमिनीपासून दागिन्यांपर्यंत सगळीकडे असतो. विमानाच्या मैलांतही तोच आहे. आज त्याविषयी थोडे बोलू.

आधी हे मैल आले कुठून ते पाहू. अमेरिकेत कोणत्या कंपनीने कुठे उडायचे आणि भाडे किती घ्यायचे हे पूर्वी सरकार ठरवत असे. १९७८ च्या कायद्याने ते बंधन गेले आणि कंपन्यांत चढाओढ लागली. आलेले गिऱ्हाईक टिकवायचे कसे? अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ नावाची योजना काढली. आमच्या विमानाने जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा होतील आणि पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस, अशी ती साधी कल्पना होती. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सने ‘मायलेज प्लस’ आणली. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तीच वाट धरली. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ आणि जेट एअरवेजची ‘जेट प्रिव्हिलेज’ ही नावे अनेकांना आठवत असतील.

नाव ‘मैल’ राहिले, माप मात्र बदलत गेले. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ पासून आणि अमेरिकनने २०१६ पासून अंतराऐवजी खर्चावर मैल द्यायला सुरुवात केली. इंडिगोने २०२४ मध्ये आणलेली ‘ब्लूचिप’ योजनाही खर्च मोजते. म्हणजे आता लांब जाणाऱ्यापेक्षा महाग तिकीट काढणाऱ्याच्या पदरात जास्त पडते. स्वस्तातले तिकीट शोधून काढणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला थेंबच येतात.

आता मुख्य नियम. मैल कोणाचे? ज्याने पैसे भरले त्याचे नव्हेत. जो खुर्चीत बसला त्याचे. हा नियम जवळजवळ सगळ्या कंपन्यांत सारखा आहे आणि घरातला सगळा गुंता याच्यातूनच सुरू होतो.

एक घर डोळ्यांसमोर आणा. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतल्या कितीतरी घरांसारखे. नवरा आखातात नोकरीला. वर्षातून एकदा सुटीवर येतो. ते तिकीट त्याचा मालक काढतो, पण मैल नोकराच्या नावावर पडतात. मे महिन्यात बायको दोन मुलांना घेऊन महिनाभर त्याच्याकडे जाते. ती तीन तिकिटे नवऱ्याने घाम गाळून काढलेली, पण त्यांचे मैल बायकोच्या आणि मुलांच्या खात्यावर जातात. सहसा दोन वर्षांपुढच्या, स्वतंत्र आसन घेतलेल्या मुलाचे वेगळे खाते उघडता येते. पुढे कधीतरी आई उमराहला जाते. तिचेही थोडे मैल होतात. घर एक, चूल एक, आणि खाती पाच.

समजा, मुंबईच्या एका परतीच्या तिकिटाला तीस हजार मैल लागतात. आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. नवऱ्याकडे तेरा हजार, बायकोकडे नऊ हजार, दोन मुलांकडे प्रत्येकी चार हजार, आईकडे तीन हजार. बेरीज तेहतीस हजार होते, म्हणजे तिकीट निघायला हवे. पण वेगवेगळ्या खात्यांत कोणाचेच तिकीट निघत नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण थेंब पाच वेगवेगळ्या भांड्यांत पडत असतील तर तळे कसे साचणार? शिवाय या थेंबांना मुदत असते. एमिरेट्स आणि सिंगापूर एअरलाइन्स यांच्या मैलांचे आयुष्य साधारण तीन वर्षांचे. अमेरिकनच्या खात्यात चोवीस महिने काहीच हालचाल झाली नाही तर ते मैल जातात. डेल्टा आणि युनायटेड यांनी मुदत काढून टाकली आहे, पण असे दाते थोडे. वर्षाकाठी एकदाच उडणाऱ्या माणसाचे मैल तिकिटापर्यंत पोचण्याआधीच वाळून जातात.

यावर कंपन्यांनी निरनिराळे मार्ग काढले. पहिला मार्ग आपल्या बायकांना न सांगताही कळेल, कारण ती सरळ भिशी आहे. घरातल्या प्रत्येकाने आपापले मैल एका सामायिक भांड्यात टाकायचे. एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्स’मध्ये अशी कुटुंब योजना आहे. एक जण कुटुंबप्रमुख होतो, आठ जणांपर्यंत सदस्यांना बोलावतो आणि प्रत्येक जण आपल्या मिळकतीचा किती टक्के भाग भांड्यात टाकायचा ते ठरवतो. सगळाच्या सगळाही टाकता येतो. जेटब्लू या अमेरिकी कंपनीत सात जणांपर्यंत आणि युनायटेडमध्ये मार्च २०२४ पासून पाच जणांपर्यंत असे एकत्र येता येते. कोरियन एअर नात्याचे कागद मागते. तिथे ‘आम्ही घरचेच आहोत’ एवढे सांगून भागत नाही.

दुसरा मार्ग सामायिक सातबाऱ्यासारखा. ब्रिटिश एअरवेजने वर्षानुवर्षे ‘हाउसहोल्ड अकाउंट’ चालवले. त्यात एका घरातले सात जणांपर्यंत लोक. प्रत्येकाचे गुण त्याच्याच नावावर राहतात, पण तिकीट काढताना सगळ्यांच्या खात्यांतून ज्याच्या-त्याच्या प्रमाणात वजा होतात. ज्याच्याकडे जास्त, त्याचे जास्त जातात. हिशेब चोख, पण माझे मी राखून ठेवीन आणि तुझे आधी खर्चू, असे म्हणायची सोय नाही.

तिसरा मार्ग हातउसन्याचा, म्हणजे एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात मैल पाठवण्याचा. ऑस्ट्रेलियाची क्वांटास घरच्या माणसाला गुण पाठवायला पैसे घेत नाही, फक्त एका वेळी किमान पाच हजार पाठवावे लागतात. मात्र बऱ्याच कंपन्या या पाठवणीवर शुल्क लावतात आणि ते इतके असते की पाठवलेल्या मैलांची किंमत त्यातच संपावी. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार आहे. कॅलक्युलेटर हाती घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

चौथा मार्ग सगळ्यांत सोपा, आणि तोच लोकांना ठाऊक नसतो. मैल हलवायचेच कशाला? अनेक योजनांत आपल्या खात्यातल्या मैलांवर दुसऱ्याच्या नावाचे तिकीट काढता येते. अमेरिकी कंपन्यांत ते सहसा कोणाच्याही नावाने काढता येते. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये पाच नावे आधी नोंदवून ठेवावी लागतात. तेव्हा नवऱ्याच्या खात्यातून एक तिकीट आणि बायकोच्या खात्यातून दुसरे, असे दोघे एकाच विमानात शेजारी बसून जाऊ शकतात. त्यासाठी पाठवणीचे शुल्क भरायला नको.

भिशीचे फायदे सांगितले, आता तिच्या गाठीही सांगायला हव्यात. भांड्यात टाकलेले मैल सहसा परत आपल्या खात्यात येत नाहीत. एखादा सदस्य बाहेर पडला तरी त्याचे मैल आतच राहतात. खर्च करायचा अधिकार अनेकदा एकट्या कुटुंबप्रमुखाचा असतो. मानाचे दर्जे, म्हणजे चांदीचे, सोन्याचे कार्ड, लाउंजची सोय, हे मात्र भांड्यात पडत नाही. तो मान ज्याचा त्यालाच. आणि ‘फुकट’ तिकीटही पूर्ण फुकट नसते. विमानतळाचे कर आणि काही कंपन्यांत इंधनाचा अधिभार रोख भरावाच लागतो.

या गाठींत सर्वांत घट्ट गाठ कुटुंबप्रमुखाची आहे. प्रमुख कोण, हे विचारायचीही आपल्याकडे पद्धत नाही. बायकोचे खाते उघडताना ईमेल नवऱ्याचा, मोबाईल नवऱ्याचा, पासवर्ड नवऱ्यालाच ठाऊक. घर नीट चालले आहे तोवर यात कोणाला काही खटकत नाही. ईदीचे पैसे मुलांच्या हातून आई ‘जपून ठेवते’, तेव्हा तरी मुले हिशेब कुठे मागतात? पण घर नेहमी नीट चालतेच असे नाही. तलाक होतो, खुला होतो, घटस्फोट होतो. दागिने कोणाचे, मेहेर दिला की नाही, यावर दोन्हीकडची माणसे बसतात. मैलांचा विषय त्या बैठकीत कोणी काढत नाही, कारण ते आहेत हेच तिला ठाऊक नसते. मुलांना घेऊन, सामान ओढत, रात्रीच्या विमानाने ती गेली-आली. त्या फेऱ्यांचे मैल मात्र अशा भांड्यात आहेत, ज्याचे झाकण तिला उघडता येत नाही.

आणि मृत्यू? कुराणाने वारसांचे वाटे ठरवून दिले आहेत. विधवेचा, मुलीचा, आईचा वाटा त्यात सांगितलेला आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जागा मिळाली. पण मैल या कोणत्याच वाटणीत सरळ येत नाहीत. कारण योजनेच्या नियमांत बहुधा लिहिलेले असते की मैल ही सदस्याची मालमत्ता नव्हे, ती कंपनीने दिलेली सवलत आहे. काही कंपन्यांत खातेदार गेला की खाते बंद होते. काही कंपन्या मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाहून आपल्या मर्जीने मैल पुढे देतात. मर्जीने, हक्काने नव्हे. सामायिक भांड्यात असलेले मैल निदान घरच्यांच्या हाती राहण्याची शक्यता जास्त, हा भिशीच्या बाजूचा एक मुद्दा आहे.

या ‘मर्जी’चे वजन किती, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका खटल्याने दाखवले. गिन्सबर्ग नावाचे एक रब्बी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वरच्या दर्जाचे सदस्य होते. ते फार तक्रारी करतात असे म्हणून कंपनीने २००८ मध्ये त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याउलट जर्मनीत २००२ मध्ये ग्रेगोर गिझी यांना बर्लिनमधले मंत्रिपद सोडावे लागले, कारण सरकारी दौऱ्यांतले मैल त्यांनी खासगी प्रवासाला वापरले होते. कंपनीच्या लेखी मैल त्यांचेच होते, जनतेच्या लेखी नव्हते. मैल कोणाचे, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

कंपनीच बुडाली तर? किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली. जेटची मैलांची योजना वेगळ्या कंपनीच्या हाती होती, म्हणून ती ‘इंटरमाइल्स’ या नावाने तगली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले ती विमाने राहिली नाहीत. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सदस्यांचे गुण पुढच्या योजनेत गेले. म्हणजे मैल हे सोने नव्हे. ते दुधासारखे आहेत, वेळेवर वापरावेत.

तेव्हा काय करावे? वर्षाला एक-दोन फेऱ्या होत असतील तर घरातल्या सगळ्यांनी शक्यतो एकाच कंपनीची योजना धरावी. प्रत्येकाचे खाते उघडावे, मुलांचेही. नाव पासपोर्टावर आहे त्याच स्पेलिंगने घालावे. आपल्याकडे शेख, खान, पठाण यांची स्पेलिंगे कागदागणिक बदलतात आणि नाव जुळले नाही की मैल अडकतात. राहिलेले मैल मागून घेता येतात, पण त्याला काही महिन्यांचीच मुदत असते, म्हणून बोर्डिंग पास लगेच फेकू नयेत. मैल विकू नयेत. तसे करणे नियमाविरुद्ध आहे आणि खाते बंद होऊ शकते. भिशीत शिरण्याआधी प्रमुख कोण आणि बाहेर पडल्यास काय, एवढे दोन नियम वाचावेत. आणि बायकोचे, आईचे खाते तिच्या स्वतःच्या फोनवर, तिला ठाऊक असलेल्या पासवर्डने असावे.

भिशी चालते ती नियमांवर कमी आणि विश्वासावर जास्त, हे भिशी लावणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. पण तीच बाई हेही सांगेल की कोणी किती टाकले ते ती वहीत लिहून ठेवते. वही ठेवल्याने विश्वास कमी होत नाही. घरातल्या मैलांचीही एक वही असावी, आणि ती घरातल्या प्रत्येकाला वाचता यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)