तोडकरणीच्या हातांचा दिवस

पहाटे ४. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याकडून बारडोलीच्या उसात तोडणीला आलेली माणसं पडावावर उठतात. तोडकरणीचे हात आधी पाण्यात जातात. रात्रीची भांडी राखेने घासायची, मग भाकरी. राखेतला क्षार साबणासारखाच कातडीचा तेलकटपणा काढून नेतो आणि पेरांवरच्या भेगा पुन्हा उघडतात. हे इसब. ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. तिच्या हातची भाकरी कुणी टाळू नये.

६. फडात नवरा कोयता चालवतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते. पानांची धार आणि कूस तिच्याच हातांना जास्त लागतं. नुसता रबरी हातमोजा आतून घामाने ओला होतो, खाज वाढते. आत सुती मोजा हवा, आणि तो भिजला की बदलायला दुसरा.

११. जेवण. हात साध्या पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात, लगेच व्हॅसलीन चोळावं. अंगठी काढलेली बरी. तिच्याखाली साबण साचतो.

दुपारी २. दवाखाना बारडोलीत आहे, पण जायचं कसं? नवरा-बायको मिळून एक कोयता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात याच भागातल्या तोडकऱ्यांचं जिणं नोंदवलं, त्यातही मोजणी कोयत्याचीच. ती गेली की दोघांचं काम अडतं. माझं स्पष्ट मत आहे, दवाखान्याच्या दिवसाला मुकादमाने खाडा धरू नये.

संध्याकाळी ५. मग मेडिकलमधून ट्यूब येते. स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकात. चार दिवस आराम पडतो. पण हातावरचं ते इसब नसून बुरशीचा नायटा असेल तर तो स्टिरॉइडने दबून पसरतो, आणि इसबावरही मनाने महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. एकाच हातावर, कडा उठलेला, गोल चट्टा असेल तर डॉक्टरांनी पाहिलाच पाहिजे. इसबाला त्यांनी स्टिरॉइड दिलं, तर तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ एका हाताला दोन्ही बाजूंनी पुरते.

रात्री ९. भांडी, धुणं उरकल्यावर व्हॅसलीनचा जाड थर आणि वर जुने सुती मोजे. उसाची गाडी भरायला रात्री उठावं लागलं, तर परतल्यावर पुन्हा लावायचं. भेगा मिटल्या तरी व्हॅसलीन बंद करू नये. कातडीचं कवच भरून यायला काही महिने लागतात, म्हणजे हंगाम संपवून गावी गेल्यावरही ते चालू हवं.