चाच्यांचा तळ सरकतो, तेव्हा आरमाराचं काय होतं?

बहरीनची राजधानी मनामा. तिथल्या जुफैर भागात अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे. त्याच्या जबाबदारीचा समुद्र सुमारे ६५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या साधारण दुप्पट. मग साध्या होडक्यांतून येणारे चाचे एवढ्या ताकदीला पुरून कसे उरतात?

उत्तर सोपं आहे: ते एका जागी थांबत नाहीत. २००८ नंतर नौदलांनी एडनच्या आखातात व्यापारी जहाजांसाठी संरक्षित मार्ग आखला. चाचे तिथून पूर्वेला सरकले. पळवलेल्या जहाजालाच त्यांनी तरंगता तळ बनवलं. त्यावर इंधन, शिधा, छोट्या होड्या आणि ओलीस खलाशी. जानेवारी २०११ मध्ये भारतीय नौदलाने असा एक तळ, 'प्रांतालय-१४', थेट लक्षद्वीपजवळ गाठला.

२०२३ च्या शेवटी नवा पेच पडला. येमेनमधल्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. हूथी आणि सोमाली चाचे एकच नव्हेत. एकाचा हेतू राजकीय, दुसऱ्याचा खंडणी. पण युद्धनौकांचं लक्ष तांबड्या समुद्राकडे वळलं आणि सोमालियाच्या बाजूला चाच्यांना मोकळीक मिळाली. डिसेंबरमध्ये त्यांनी 'रुएन' हे मालवाहू जहाज पळवलं.

ही ओढाताण एकाच नौकेवरून कळते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आयएनएस कोलकाताने ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजाच्या २१ जणांना वाचवलं. हूथींच्या क्षेपणास्त्राने त्या जहाजावरचे तिघे आधीच मारले गेले होते. जेमतेम दहा दिवसांत, १६ मार्चला, तीच नौका भारतापासून सुमारे २६०० किलोमीटरवर 'रुएन' सोडवत होती. चाचे तेच जहाज तळ म्हणून वापरायला निघाले होते. ४० तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले.

म्हणून नुसता पाठलाग पुरत नाही. एका नौकेला एका वेळी एकाच ठिकाणी असता येतं. २०११ नंतर चाचेगिरी ओसरली, त्यात गस्तीइतकाच जहाजांवरच्या सशस्त्र रक्षकांचा वाटा होता. पकडलेल्यांवर खटला चालणंही तितकंच गरजेचं. ते ३५ जण मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. सोडून दिले असते, तर कदाचित पुन्हा कुठल्या तरी जहाजावर नवा तळ उभा राहिला असता.