आरशातून निसटलेला टेम्पो

डहाणूकडून आलेला चिकूचा टेम्पो चारोटी नाक्यावर महामार्गाला लागतो आणि तलासरीच्या दिशेने निघतो. त्याच रस्त्यावर तुमच्यापुढे उजवी लेन कंटेनरने अडवलेली असते (ती आपलीच, अशी त्याची ठाम समजूत!), म्हणून तुम्ही डावीकडे सरकायचं ठरवता. आतला आरसा बघता, डावा बघता, रस्ता मोकळा. स्टिअरिंग वळवता, तोच कानाशी हॉर्न. टेम्पो दोन्ही आरशांतून निसटला होता आणि नजरेच्या कडेत अजून शिरला नव्हता. हाच ब्लाइंड स्पॉट. ‘अंधबिंदू’ हा शब्द आपण शाळेत डोळ्यासाठी शिकलो, पण गाडीचा हा बिंदू चांगला खोलीएवढा असतो.

तिथे लक्ष ठेवायला अलीकडच्या काही गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आड, छोटी रडार बसवलेली असतात. बहुतेक नवी रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. पाच मीटरवरच्या टेम्पोला आपटून ती सेकंदाच्या सुमारे ३३ अब्जांश भागात परत येते. एवढा वेळ थेट मोजणं अवघड, म्हणून लहर सोडतानाच तिची वारंवारता चढवत नेतात. प्रतिध्वनी येईपर्यंत रडारचा सूर वर गेलेला असतो. दोन सुरांतल्या फरकावरून अंतर कळतं. वेग सांगतो डॉप्लर परिणाम. टेम्पो तुमच्यापेक्षा ताशी २० किलोमीटरने जास्त वेगात जवळ येत असेल, तर परतणाऱ्या लहरीच्या सेकंदाला ७७ अब्ज कंपनांत फरक पडतो फक्त २,८५० कंपनांचा. तेवढा पुरतो.

खरी करामत चाळणीची. दुभाजक, खांब, सूर्या नदीवरच्या पुलाचा कठडा, सगळेच प्रतिध्वनी देतात. पण ते तुमच्याच वेगाने मागे पडतात, म्हणून संगणक त्यांना वगळतो. नाहीतर आरशातला इशाऱ्याचा दिवा कधी विझलाच नसता. समोरून येणाऱ्या गाड्याही तो सहसा अशाच गाळतो. आपल्या रस्त्यावर घोळ होतो तो इथे: वळसा टाळायला कडेने उलट दिशेने येणारी मोटारसायकलही त्याच चाळणीतून गळून पडू शकते. शिस्तीच्या लेनसाठी घडवलेलं यंत्र हे! अनेक गाड्यांत शेजारी वाहन असलं की आरशात नुसता दिवा लागतो. आवाज होतो तो इंडिकेटर दिल्यावरच. इंडिकेटर न देणाऱ्याला गाडी काय सांगणार?

किया सेल्टॉससारख्या गाड्यांत आरशाखालचा कॅमेरा वेगाच्या काट्यांच्या जागी त्या बाजूचं चित्र दाखवतो. निर्णय मात्र तुमचा, आणि कॅमेऱ्याची काच पावसाने माखली की चित्रही धूसर. रडारला अंधाराची पर्वा नसते, पण बंपरवर चिखलाचा थर बसला की तेही हात टेकतं.

फुकटातला उपाय जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ मध्ये मांडला. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवा. डाव्यासाठी गाडीच्या मध्यावर झुका. मग टेम्पो आतल्या आरशातून सुटता सुटता बाहेरच्यात येतो, तिथून नजरेत. पहिले काही दिवस आरशात आपलीच गाडी दिसत नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं.