शेततळ्यावर ठिबक? आधी फिल्टर नीट निवडा
जालना : कडवंचीसारख्या गावांत द्राक्षबागा उन्हाळ्यात शेततळ्यावरच तगतात. पण तळ्यातलं शेवाळ ड्रीपरमध्ये अडकलं की झाड तहानलेलं राहतं, आणि कळतं ते पानं सुकल्यावर.

शेवाळाला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. जाळी लगेच चोंदते. पंपानंतर आधी सँड फिल्टर, मग खताची व्हेंचुरी, शेवटी जाळीचा किंवा डिस्क फिल्टर, असा क्रम ठेवा. म्हणजे न विरघळलेलं खतही शेवटी अडतं. बोअरमधून वाळू येत असेल, तर सगळ्यात आधी हायड्रोसायक्लोन लावा.

सँड फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज बसवाच. दोन्हींत अर्ध्या किलोचा फरक दिसला की बॅकवॉश करा. ते पाणी मात्र परत तळ्यात सोडू नका, नाहीतर काढलेलं शेवाळ पुन्हा पंपातच येणार!