मुंबई ते लंडन : तिकिटावरची वेळ आणि खरा प्रवास

सप्टेंबर आला की आपल्या वस्त्यांमधून एखादा मुलगा, एखादी मुलगी शिकायला लंडनला निघते. मागे आमच्या शेजारचा मुलगा निघाला. तिकिटावर होते, मुंबई दुपारी 2, लंडन सायंकाळी 7. त्याच्या आईने विचारले, "भाऊ, किती तास लागतील?" आम्ही बी. कॉम. झालेले, सारा जन्म आकडेमोडीत गेलेला. चटकन सांगून टाकले, "पाच तास!"

रात्री आठला फोन नाही, दहाला नाही. माउलीने पाण्याचा घोटही घेतला नाही. फोन आला रात्री एकला. विमान वेळेवरच पोहोचले होते. चुकला होता तो आमचा हिशेब. तुमच्या घरी तो चुकू नये म्हणून हे लिहीत आहोत.

तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, तर पोहोचण्याची वेळ लंडनच्या घड्याळाची असते. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तेथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा. म्हणजे त्या दिवशी लंडनचे सायंकाळचे 7 हे आपले रात्रीचे साडेअकरा होते. प्रवास पाचचा नव्हे, साडेनऊ तासांचा! पुढे पासपोर्टची रांग आणि सामान यांत आणखी तास-दीड तास जातो.

दोन्ही शहरांत सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर आठ तास पुरावेत. मग जास्त का लागतात? पहिले कारण वारा. आकाशात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, येताना पाठीवर घेतात. म्हणून परतीचा प्रवास साधारण तासभर कमी असतो. दुसरे कारण वाट. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून पाहा; जवळची वाट इराण, काळा समुद्र, युक्रेन अशी जाते. पण युद्धामुळे फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. तेव्हापासून वळसा आला.

तरीही काळ किती बदलला पाहा! 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत 10 जूनला पोहोचले.

तेव्हा बंधूभगिनींनो, लेकरू परदेशी निघाले की पोहोचण्याची वेळ आपल्या घड्याळात करून कागदावर लिहा, त्यात दोन तास मिळवा आणि तो कागद भिंतीवर लावा. त्या वेळेपर्यंत आईला पोटभर जेवू द्या.